तिळवणीचं कूळ

परभणीच्या स्वयंपाकघरात मोहरीचं कूळ भरपूर आहे, रानात ते जवळजवळ नाही. फोडणीची मोहरी, हिवाळ्यातला मुळा, त्याच्या कोवळ्या डिंगऱ्या, कोबी, फुलकोबी, बाळंतिणीच्या लाडवातले हळीव ही सगळी ब्रॅसिकेसी या एकाच कुळातली मंडळी. साडेतीन हजारांवर जातींचं हे कूळ मुळात थंड हवेचं. भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगराळ मुलखापर्यंत त्याची खरी गर्दी. आपल्याकडे ते येतं रब्बीत, माणसाचं बोट धरून. गव्हाच्या कडेला मोहरीच्या दोन ओळी, विहिरीजवळ मुळ्याचा वाफा. जानेवारीत कधीतरी कृषी विद्यापीठातल्या नोंदीच्या हवाल्याने ‘परभणीचा पारा घसरला’ अशी बातमी पेपरात येते, तेवढेच या कुळाचे सुखाचे दिवस. मार्च लागला की संपलं.

आणि तरीही ऐन श्रावणात, कापसाच्या ओळीत खुरपायला बसलेल्या बाईच्या हाताला मोहरीचा वास येतो.

तो वास पिवळ्या तिळवणीचा. गुडघ्याएवढं, फार तर कमरेएवढं झाड. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका, चार पिवळ्या पाकळ्या, त्याही एकाच बाजूला कललेल्या, आणि आकाशाकडे तोंड करून उभी असलेली बारीक शेंग. अंगभर चिकट ग्रंथींचे केस. त्यात चिलटं अडकून मेलेली दिसतात. पान चुरगाळलं की नाकात मोहरी. शेंग वाळून फुटली की तपकिरी-काळ्या, बारीक सुरकुत्यांच्या बिया सांडतात. उत्तराखंडात गढवालकडे या बियांना जखिया म्हणतात, आणि तिथल्या बटाट्याच्या भाजीची फोडणी जखियाचीच असते. परभणीत मात्र कुणी तिळवण फोडणीत घातल्याचं मी पाहिलेलं नाही. इथे ती तण. कान दुखला तर पानाचा रस कानात पिळायची जुनी रीत, म्हणून कुठे कुठे ‘कानफोडी’. तिची बहीण पांढरी तिळवण उकिरड्याच्या, गोठ्याच्या आसपास, खत मुरलेल्या जमिनीत वाढते. तिचे पुंकेसर फुलातून वर आलेल्या एका लांब दांड्यावर असतात, त्यामुळे लांबून ते फूल कोळ्यासारखं दिसतं. हिची कोवळी पानं भाजीला चालतात.

चार पाकळ्या, शेंग, मोहरीचा वास. मग ही मोहरीच्या कुळातली का नाही? हा प्रश्न मला बी.एस्सी.च्या वर्गात पडला होता. आमच्या बाईंनी एका वाक्यात निकाल दिला: “पुंकेसर मोज.” मोहरीच्या फुलात पुंकेसर सहा, चार लांब नि दोन आखूड, हा त्या कुळाचा शिक्का. शिवाय मोहरीच्या शेंगेत मधोमध एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. शेंग उघडली की दोन्ही सालं गळतात आणि पडदा चौकटीसकट उभा राहतो. पिवळ्या तिळवणीत पुंकेसर दहा-बारा, कधी वीस, आणि शेंगेत पडदा नाही. बाईंचं बरोबर होतं. पण प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. खुद्द वर्गीकरणवाल्यांनाही तो अडीचशे वर्षं मिटवता आला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा आम्हाला प्रत्येकीला हर्बेरियमची, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांची, शीटं जमा करावी लागत. सुट्टीत मी दुधना नदीच्या अलीकडे आजीच्या आखाड्यावर जाई, आणि धुऱ्यावरचं जे फुललेलं दिसेल ते मुळासकट उपटून रद्दीत दाबी. घरी दैनिक ‘मराठवाडा’ येत असे. त्याच्या घड्यांत तरोटा, कुंजरू, आघाडा, माका असं सगळं पडून असे. वर पाट्याचं ओझं. रोज कागद बदलायचा, नाहीतर बुरशी. आजीला हे सगळं विपरीत वाटे. “काय करायलीस गं हे? लोक उपटून बांधावर फेकायलेत, अन् तू कागदात घालून ठेवायलीस!”

तिळवण दाबायला सर्वात त्रासदायक. पहिल्या दिवशीचा कागद तिच्या अंगाला चिकटतो. ओढला तर पाकळ्या निघून येतात, नाही ओढला तर बुरशी येते. सरावलेला माणूस दोन घड्यांच्या मध्ये मेणकागद ठेवतो. माझ्याकडे मेणकागद नव्हता, त्यामुळे माझ्या शीटवरच्या पानांना शेवटपर्यंत वर्तमानपत्राचे तुकडे राहिले. भिंगातून पाहिलं तर त्यात उलटी अक्षरंही दिसत. शेंगा वाळताना फुटतात, म्हणून बियांसाठी कागदाची छोटी पुडी करून ती शीटवरच डकवायची. मग मर्क्युरिक क्लोराईडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवून काढायचं, भुंगेऱ्यांनी खाऊ नये म्हणून. हे काम मास्क लावून सर करत, आम्हाला जवळ येऊ देत नसत. शेवटी साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचं, टाके घालायचे, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी.

सगळ्यात मोलाची ती चिठ्ठी. झाडाचं नाव, कूळ, गाव, तालुका, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक, आणि वाळल्यावर जे कळणार नाही ते सगळं: फुलाचा रंग, झाडाची उंची, जमीन काळी की मुरमाड, शेजारी कोणतं पीक. वाळलेली पिवळी तिळवण तपकिरी होते. फूल पिवळं होतं हे फक्त चिठ्ठी सांगते.

कुठल्याही मोठ्या हर्बेरियममध्ये जुनं शीट पाहिलं तर त्याच्यावर अशा एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या असतात. पहिली मूळ गोळा करणाऱ्याची. मग पुढच्या अभ्यासकाने वेगळं नाव लिहून आपली सही-तारीख टाकलेली, त्याच्या वर तिसऱ्याची. नियम असा की आधीची चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. नवी शेजारी डकवायची. मला हा नियम सरकारी दप्तरात कुठे पाळलेला दिसला नाही.

आता कुळाकडे येऊ. छापील नोंदींत पिवळी तिळवण नीट भेटते ती केरळात, १६८९ साली. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्याच्या नवव्या खंडात तिचं ‘अरिवेला’ या मल्याळी नावाने चित्र आहे. याच ग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं देवनागरीत लिहिलेलं प्रमाणपत्र छापलेलं आहे. म्हणजे आपल्या लिपीचा छापील इतिहास सांगायचा झाला तरी झाडापाल्याच्या या पुस्तकापाशी थांबावं लागतं. आपल्याकडे हे फारसं कुणी शिकवत नाही, ते असो.

लिनिअसने १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये रेडेच्या चित्राचा आधार घेत तिला क्लिओम व्हिस्कोसा हे नाव दिलं. ठेवलं कुठे? त्याच्या पद्धतीत पुंकेसरांच्या मोजणीवरून वर्ग पडत. चार लांब, दोन आखूड पुंकेसरांचा जो वर्ग, ज्यात मोहरी, कोबी, मुळा सगळे होते, त्याच वर्गाच्या अगदी शेवटच्या पानांवर त्याने क्लिओम ठेवलं. दहा-वीस पुंकेसरांची तिळवण या नियमात बसत नव्हती हे त्याच्यासारख्या मोजणाऱ्या माणसाला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तरी ठेवलं. बाईंचा निकाल त्याने ऐकला असता की नाही, देव जाणे.

पुढे ती बाहेर पडली. फ्रेंच नि स्विस वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅपॅरिस या प्रजातीभोवती वेगळं कूळ उभं केलं आणि तिळवण तिकडे गेली. कॅपॅरिस म्हणजे आपली वाघाटी. आषाढी एकादशीचा उपास बारशीला सोडताना जिच्या फळांची भाजी करतात, ती काटेरी वेल. तिळवण आणि वाघाटी एकत्र का, हे झाड पाहून पटत नाही. फूल पाहिल्यावर पटतं. वाघाटीतही पाकळ्या चार, पुंकेसर पुष्कळ, आणि बीजकोश एका लांब दांड्यावर. बेंथम आणि हुकर यांच्या ‘जेनेरा प्लांटारम’मध्ये मोहरीच्या कुळामागे लगेच वाघाटीचं कूळ येतं, आणि भारतातली बहुतेक हर्बेरियमं अजून त्याच क्रमाने लावलेली आहेत. त्यामुळे लोखंडी कपाटात मोहरीच्या फोल्डरखाली तिळवणीचा फोल्डर. कूळ वेगळं, कप्पा एकच.

दरम्यान एका अळीने आपलं मत नोंदवलं होतं. १९१० साली व्हेर्शाफेल्ट नावाच्या डच शास्त्रज्ञाने कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या घेतल्या. त्या ज्या पानांना तोंड लावत नाहीत अशा पानांना त्याने मोहरीच्या कुळातल्या झाडाचा रस फासला, आणि अळ्यांनी ती खाल्ली. अळी झाड ओळखते ते रसातल्या तिखट द्रव्यावरून. ही द्रव्यं म्हणजे ग्लुकोसिनोलेटं. झाडाच्या पेशीत ती एका कप्प्यात, त्यांना फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात. पान चावलं, बी कुटलं की दोन्ही एकत्र येतात आणि नाकात झणका जातो. कीड दूर ठेवायला केलेली ही सोय. पण काही फुलपाखरांच्या अळ्यांनी ती पचवली आणि त्याच वासाचा पत्ता केला. परभणीत वाघाटीच्या जाळीवर पावसाळ्यात काळ्या शिरांची पांढरी पायोनियर फुलपाखरं घिरट्या घालतात, ती अंडी घालायला. कोबीवरच्या फुलपाखराची ती चुलत भावंडं. एका घराण्याने कोबी धरला, दुसऱ्याने वाघाटी, वास तोच.

हा वास आणखी कुठे कुठे आहे? पपईची बी दाताखाली फोडून पाहा. शेवग्याचं मूळ खरवडून हुंगा. १९७५ साली डेन्मार्कच्या रॉल्फ डालग्रेनने म्हटलं की मोहरीचा झणका असणारी ही सगळी झाडं एकाच गणात ठेवा. पपई, शेवगा आणि मोहरी एकत्र? तेव्हा पुष्कळांना हे फारच वाटलं. दिसायला तर काही साम्य नाही. १९९० च्या दशकात हरितलवकातल्या जनुकांचा क्रम वाचता येऊ लागला आणि डालग्रेन बहुतेक सगळा खरा ठरला. परसातला शेवगा आणि फोडणीतली मोहरी दूरचे का होईना, नातेवाईक निघाले.

तिळवणीचं काय झालं? १९९८ साली अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या अभ्यासकांच्या गटाने जनुकांवर आधारलेलं नवं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात वाघाटीचं कूळ मोडून मोहरीच्या कुळात मिळवलं. तिळवण पुन्हा मोहरीच्या घरात, लिनिअसनंतर जवळपास अडीचशे वर्षांनी. कारण असं की जनुकांच्या पुराव्यात तिळवण वाघाटीपेक्षा मोहरीला जवळची निघाली. मोहरीला वगळून तिळवण आणि वाघाटी यांचं एकच कूळ ठेवताच येत नव्हतं, म्हणून सगळ्यांना एकाच कुळात घातलं. २००२ साली हॉल, सायट्स्मा आणि इल्टिस यांनी हेच जास्त तपशिलाने तपासलं: वाघाटी एक फांदी, तिळवण दुसरी, मोहरी तिसरी, आणि दुसरी-तिसरी सख्ख्या बहिणी. मग २००९ साली अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपने आपला निर्णय फिरवला. तीन फांद्या, तीन कुळं. तिळवणीचं क्लिओमेसी हे स्वतंत्र कूळ मान्य झालं. गंमत म्हणजे हे नाव १८२५ सालीच सुचवलेलं होतं.

२००२ च्या त्या तीन अभ्यासकांपैकी ह्यू इल्टिसबद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं. १९२५ मध्ये ब्रनो शहरात त्याचा जन्म झाला. ज्या शहरात मेंडेलने वाटाणे मोजले तेच हे ब्रनो, आणि त्याचे वडील ह्यूगो इल्टिस हे मेंडेलचे चरित्रकार. नाझींमुळे कुटुंबाला देश सोडावा लागला. मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हर्बेरियमचा संचालक झाला. मक्याच्या रानटी पूर्वजांच्या शोधामुळे तो प्रसिद्ध झाला, पण तिळवणीच्या कुळावर तो जन्मभर काम करत राहिला. त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक २०१४ चं: तिळवणीचं प्रजातिनाम बदलायला हवं, कारण १८२७ चं कोरिनांड्रा हे नाव १८३८ च्या अरिवेलाच्या आधीचं आहे. म्हणजे आमच्या कापसाच्या ओळीतल्या या तणाला आतापर्यंत क्लिओम, पोलानिसिया, अरिवेला, कोरिनांड्रा असं म्हटलं गेलं आहे, आणि आजही सगळ्या याद्या एकमताच्या नाहीत. विद्यार्थी वैतागतात. वैतागणं योग्यच आहे. पण नाव बदलतं ते कुणाच्या लहरीने बदलत नाही. कुणीतरी कपाट उघडून, धूळ झटकून, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची शीटं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहतं, म्हणून बदलतं. आता तर त्याच शीटावरचा पानाचा तुकडा घेऊन जनुकंही वाचतात. चिठ्ठीवरचं नाव चुकीचं निघालं तरी शीट फुकट जात नाही. शीटच नसेल, तर मात्र नाव बरोबर की चूक हे ठरवायचं कशावर?

परभणीच्या बाबतीत हा प्रश्न जुना आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या वनस्पतींचा मूळ ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. कुक पेशाने अभियंते, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू बागेत बसून त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात तो भागांनी प्रसिद्ध केला. त्यात सिंध आहे, गुजरात आहे, कारवार आहे. परभणी नाही, कारण परभणी निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्याची हद्द संपली की कुकचं पुस्तकही संपतं. नगर जिल्ह्यातलं गवत ग्रंथात आलं आणि गोदावरीच्या पलीकडच्या काठावरचं तेच गवत बाहेर राहिलं, असं घडलं. हैदराबाद संस्थानात काम झालंच नाही असं नाही. पार्ट्रिज यांनी १९११ मध्ये निजामाच्या मुलखातल्या जंगलांच्या झाडांवर पुस्तक केलं, पण ते वनखात्याच्या नजरेचं, लाकडाच्या कामाचं. उस्मानिया विद्यापीठातल्या सय्यदुद्दीन यांनी १९३० च्या दशकात संस्थानातल्या सर्वसाधारण सपुष्प वनस्पतींवर लेख लिहिले. पण शेतातल्या तणासाठी मराठवाडाभर हिंडणारं तेव्हा कुणी नव्हतं.

ते काम झालं १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाल्यानंतर. प्रा. व्ही. एन. नाईक यांनी उस्मानाबाद जिल्ह्याचा फ्लोरा १९७९ मध्ये आणि संपूर्ण मराठवाड्याचा दोन खंडांतला ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या साली परदेशातल्या अभ्यासकांनी तिळवण मोहरीच्या कुळात नेली, त्याच साली मराठवाड्याच्या मातीतल्या झाडांना स्वतःचा ग्रंथ मिळाला. मी दुसऱ्या घटनेला जास्त महत्त्व देते. कुळांची फिरवाफिरव पुढेही होईल. पण कुकनंतर नव्वद वर्षं जो प्रदेश नकाशात कोरा होता, तो भरून काढायला पायी फिरलेली माणसं लागली, आणि ती पुन्हा पुन्हा मिळत नाहीत.

रानातल्या नात्यागोत्यांची चौकशी करून उपयोग काय, असं विचारणाऱ्याला परभणीत तरी उत्तर शोधायला लांब जावं लागू नये. इथल्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी दिली. भेंडीवर केवडा पडतो, पानं पिवळी जाळीदार होतात, पीक हातचं जातं. त्या वेळी सगळीकडे लावली जाणारी ‘पुसा सावनी’ या रोगाला बळी पडत होती. जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचा संकर भेंडीच्या एका वेगळ्या जातीशी, अबेलमॉस्कस मॅनिहॉटशी केला, आणि पुढच्या पिढ्यांतून केवडा न पडणारी भेंडी निवडली. भेंडीचं आणि त्या झाडाचं नातं आधी कुणीतरी ठरवलं होतं, म्हणून हे सुचलं. ते नातं ठरलं होतं वाळलेल्या शीटांवर.

तिळवणीच्या बाबतीतही असंच काहीसं चाललं आहे. पांढरी तिळवण प्रकाशसंश्लेषण करते ते ज्वारी, मका, ऊस करतात त्या पद्धतीने. तिला सी-फोर म्हणतात. कडक उन्हात, कमी पाण्यात ती फार काटकसरीची. पिवळी तिळवण, आणि मोहरीचं जवळजवळ सगळं कूळ, साध्या सी-थ्री पद्धतीवर चालतं. एकाच आखाड्यावर, एक उकिरड्याला आणि एक पिकात, अशा दोन जवळच्या बहिणी, आणि त्यांचा ऊन वापरण्याचा रस्ता वेगळा. मोहरीच्या कुळातली अरॅबिडॉप्सिस ही पहिली वनस्पती, जिचा संपूर्ण जनुकसंच २००० मध्ये वाचला गेला. त्यामुळे तिच्याबद्दल आज जितकं माहीत आहे तितकं दुसऱ्या कुठल्या झाडाबद्दल क्वचितच असेल. तिच्या सर्वात जवळच्या कुळात सी-फोर वनस्पती आहे म्हटल्यावर, २००५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी सुचवलं की ही पद्धत कशी उपजते हे समजून घ्यायला तिळवणीसारखं झाड दुसरं नाही. आमच्या गोठ्यामागे उगवणारं झाड.

आता आखाड्यावर गेले की मला पिवळी तिळवण पूर्वीइतकी दिसत नाही. खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर रोज परवडत नाही, त्यामुळे सोयाबीन पेरलं की तणनाशक मारायचं हे ठरून गेलेलं. शेतकऱ्याला मी यात दोष देत नाही. पाऊस दोन दिवस थांबला नि वाफसा आला की त्याच्या हातात किती वेळ असतो हे मला माहीत आहे. पण तिळवण कमी झाली, हे माझं नुसतं वाटणं आहे. ते सिद्ध करायचं तर त्या धुऱ्यावरची चाळीस वर्षांपूर्वीची शीटं लागतील, तारखेसकट. कॉलेजातली आमची शीटं परीक्षा झाल्यावर दरवर्षी कुठे जात, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. एका पावसाळ्यात प्रयोगशाळेच्या माळ्यावर पाणी गळालं आणि सगळा गठ्ठा रद्दीत गेला, एवढं ऐकलं. ते कॉलेज एकटं नव्हे. जिल्ह्याजिल्ह्यांत असंच होत आलं आहे. दुर्मिळ झाड सापडलं की त्याचा पेपर होतो, शीट जपून ठेवलं जातं. तरोटा, तिळवण, माका यांचं शीट कशाला हवं, ते तर सगळीकडेच आहे! सगळीकडे आहे तोवरच ते गोळा करून ठेवायचं असतं, हे कुणी सांगत नाही.

म्हणून परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती. विद्यार्थ्यांकडून दरवर्षी शीटं करून घेताच, तर त्यातली चांगली निवडून दोन-दोन प्रती करा. एक कॉलेजात ठेवा, दुसरी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या हर्बेरियमला किंवा पुण्यात कोरेगाव रोडला असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाला पाठवण्याबद्दल त्यांना लिहा. घाटातल्या फुलांच्या मागे लागू नका, त्यांच्यासाठी पुष्कळ लोक आहेत. या खरिपात, फवारणीच्या आधी, आपल्याच बांधावरचं तण घ्या. फूल आणि शेंग दोन्ही असलेली फांदी, जमल्यास मुळासकट. पिवळी तिळवण असेल तर मध्ये मेणकागद घाला. नावाची फार काळजी करू नका. क्लिओम लिहा, अरिवेला लिहा, नुसतं तिळवण लिहा, पुढचा माणूस दुरुस्त करील. गाव, तालुका, पीक, जमीन आणि तारीख मात्र स्वच्छ अक्षरात लिहा. एवढं नसलेलं शीट कुठलंच हर्बेरियम ठेवून घेत नाही.